भाग ३४ : मिलो, म्हणजे आजीनं माफ न केलेली ज्वारी

हेडफोन लावून ऐकणाऱ्यांना नमस्कार, आणि बसच्या गोंगाटात ऐकू येत नाही म्हणून हे वाचणाऱ्यांनाही. नेहमीप्रमाणे जे बोललो तेच थोडं नीटनेटकं करून इथं टाकतोय.

आजचा विषय एका पाकिटातून आला. माझ्या टीममधल्या एका मित्राच्या सात वर्षांच्या मुलीला सिलिएक असल्याचं निदान झालं. म्हणजे गव्हातलं ग्लुटेन पोटात गेलं की तिच्या आतड्याला इजा होते. औषध नाही, पथ्य एवढंच उपाय. पोळी, ब्रेड, बिस्कीट, मॅगी, सगळं आयुष्यभर बंद. जेवणाच्या सुट्टीत त्यानं मला विचारलं, "तू सोलापूरकडचा ना? ज्वारी चालते का रे तिला?"

मी छाती फुगवून म्हणालो, "चालते म्हणजे काय, पळते!"

त्यानं त्याच रात्री फोनवरून पाच-सहा पाकिटं मागवली. त्यात एक लाल ज्वारीचं होतं. पाकिटावर लिहिलेलं, ग्लुटेनमुक्त, प्राचीन धान्य, वगैरे. त्याचं काय करायचं हे त्याला कळेना, म्हणून ते माझ्याकडे आलं. मी संक्रांतीला गावी निघालो होतो. म्हटलं आजीला दाखवू, खूश होईल.

आमचं गाव मंगळवेढा तालुक्यात. आजी पंच्याहत्तरीच्या पुढची. तिनं पाकीट फोडलं, मूठभर दाणे तळहातावर घेतले, दाराच्या उजेडात धरले आणि अंगठ्यानं घासले.

"ह्यो मिलो हाय," ती म्हणाली.

"नाही आजी, ज्वारीच आहे. लाल. महाग आहे."

"आरं, मी वळखत न्हाई व्हय? बाहत्तरला ह्योच खाल्ला. शेजारच्या कोंबड्यांना घाल जा."

आणि खरंच घातला. माझ्या मित्राचे पैसे शेजारच्या कोंबड्यांनी खाल्ले. मला हसू आलं, पण आजी हसत नव्हती. ज्या बाईनं आयुष्यभर ज्वारीच्या भाकरीला नमस्कार करून पहिला घास घेतला, ती ज्वारीच्याच दाण्यावर इतकी का चिडली? तर आजचा भाग त्याबद्दल.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ते पाकीट काही अमेरिकेतून आलेलं नव्हतं. पण मिलो, आपली शाळू आणि हायब्रीड ज्वारी या तिन्ही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं एकाच जातीच्या. शास्त्रीय नाव एकच, सॉर्घम बायकलर. भांडण असलंच तर ते सख्ख्या बहिणींमधलं.

सुदान ते मंगळवेढा

ज्वारी मूळची आपली नाही. ती आफ्रिकेची. पूर्व सुदानमध्ये सुमारे ५००० वर्षांपूर्वीच्या मातीच्या भांड्यांच्या खापरांवर ज्वारीचे ठसे सापडलेत. भांडी घडवताना मातीत तूस मिसळायचे, त्याचे ते ठसे. त्या ठशांवरून कळतं की माणसानं तोपर्यंत तिला माणसाळवायला सुरुवात केली होती. तिथून ती हजारो वर्षांपूर्वी भारतात आली आणि दख्खनच्या काळ्या मातीत अशी रुजली की परकी वाटेनाशी झाली. आपण जोंधळा म्हणतो, शेजारी कानडीत जोळ म्हणतात. जुन्या कानडीत तर 'जोळदपाळी' असा शब्दच आहे. ज्याची ज्वारी खाल्ली त्याचं देणं, म्हणजे धन्याशी इमान. आपण मिठाला जागतो, ते ज्वारीला जागायचे.

मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात आणि २०१६ साली इथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण कोठार हा शब्द इथं फार जुना आहे. पंधराव्या शतकात दामाजीपंत इथं बहामनी राज्याचे अधिकारी होते. दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी बिदरच्या बादशहाला न विचारता सरकारी कोठार लोकांसाठी उघडलं. पुढं विठोबा विठू महार होऊन बिदरला गेला आणि त्यानं धान्याची रक्कम भरली, ही कथा तुम्ही ऐकलीच असेल. कथेत धान्याचं नाव नसेना का, मंगळवेढ्याच्या कोठारात मुख्य काय असणार, ते सांगायला नको.

आता ही ज्वारी पिकते कशी ते बघा, कारण सगळा इतिहास त्यावर उभा आहे. आमच्याकडची ज्वारी रब्बीची. पावसाळाभर रान मोकळं ठेवायचं, माती पाणी पिऊन घेते. सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरचा मध्य, या काळात पाभरीनं पेरायचं. त्यानंतर एकही पाऊस आला नाही तरी खोल काळ्या रानात पीक येऊ शकतं. मुळं खाली साठलेल्या ओलीच्या मागे जातात. पानांवर मेणासारखा थर असतो, ऊन वाढलं की पानं गुंडाळून घेतात, म्हणजे बाष्प कमी उडतं. फारच ताण पडला तर वाढ थांबवून झाड वाट बघतं. आपण लॅपटॉप स्लीप मोडवर टाकतो ना, तसं. वर शेतकरी कोळपणी करून जमिनीच्या भेगा बुजवतो, ओल आत राहते. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं आमचे तात्या, म्हणजे माझे चुलते, अजून म्हणतात.

या भागातल्या मालदांडी नावाच्या स्थानिक ज्वारीतून १९३० च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रावर एक निवड झाली, एम ३५-१. मोहोळ आमच्या शेजारचाच तालुका. नव्वद वर्षं होत आली, पण रब्बी ज्वारीत अजूनही तिचं नाव निघतं. आमच्या धंद्यात पाच वर्षं जुना कोड कोणी हात लावायला तयार नसतो, म्हणून मला याचं जास्तच कौतुक.

हायब्रीडची आई

आता गोष्ट अमेरिकेत जाते. ज्वारी आफ्रिकेतून तिकडेही गेली होती. तिथं तिच्या एका प्रकाराला मिलो म्हणायचे, दुसऱ्याला काफिर. तिकडे माणसं ती फारशी खात नव्हती. गुरं आणि कोंबड्यांचा खुराक म्हणून पिकवायचे.

ज्वारीचा संकर करणं अवघड, कारण एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात. लाखो फुलांतले परागकोश हातानं कोण काढणार? १९५४ साली टेक्सासमध्ये स्टीफन्स आणि हॉलंड या दोघांनी यावर उपाय दाखवला. मिलोच्या पेशीद्रवात काफिरची जनुकं आणून बसवली की झाड नर-वंध्य होतं. पराग तयारच होत नाही. मग शेजारी दुसरं वाण लावा, वारा उरलेलं काम करतो.

हे तंत्र दहा वर्षांत भारतात पोचलं. १९६४ साली आपलं पहिलं व्यापारी संकरित ज्वारी वाण आलं, सीएसएच-१. त्याची मादी बाजू होती अमेरिकेतून आणलेली सीके-६० ही नर-वंध्य ओळ. पेशीद्रव आईकडून येतो. म्हणजे आपल्या शेतात आलेल्या पहिल्या हायब्रीड ज्वारीची आई, आईच्या बाजूनं मिलोच होती! मला हे वाचताना अंगावर काटा आला. आजी १९७२ च्या आधीच मिलोच्या लेकीला भेटली होती, तिला माहीत नव्हतं एवढंच.

तो काळ टंचाईचा. अमेरिकेच्या पीएल-४८० योजनेतून धान्याची जहाजं यायची. १९६५ साली मुख्यमंत्री वसंतराव नाईकांनी पुण्यात शनिवारवाड्यासमोर जाहीर केलं होतं की दोन वर्षांत महाराष्ट्र धान्यात स्वयंपूर्ण झाला नाही, तर मला फाशी द्या. हायब्रीड ज्वारी या धडपडीतलं मोठं हत्यार होतं, आणि तिनं खरीप हंगामात उत्पादन वाढवलंही.

पण एक गडबड होती. जुनी गावरान ज्वारी दिवस लहान होण्याची वाट बघून निसवायची, त्यामुळे दाणा पाऊस सरल्यावर भरायचा. हायब्रीड लवकर तयार व्हायची. तेवढ्यात परतीचा पाऊस आला की कणसाला बुरशी लागून दाणा काळा पडायचा. भाकरीला चव राहायची नाही. बाजारात भाव पडायचा. 'हायब्रीड' हा शब्द मराठीत टोमणा कसा झाला, त्याचं उत्तर इथं आहे. दिसायला उंच, आत दम नाही, अशा कुणालाही आमच्याकडे हायब्रीड म्हणतात. मलाही म्हणतात.

बाहत्तर

१९७० पासून सलग तीन वर्षं पावसानं दगा दिला आणि १९७२ ला सगळं कोसळलं. जुनी माणसं एक वाक्य हमखास सांगतात. बाहत्तरला प्यायला पाणी होतं, खायला दाणा नव्हता. (आता उलटं झालंय. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, पण दुकानात धान्य होतं.)

सरकारनं दुष्काळी कामं काढली. खडी फोडणं, रस्ते, पाझर तलाव. १९७३ च्या मे महिन्यात या कामांवर ५० लाखांच्या आसपास माणसं होती. यातूनच वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ ला तिचा कायदा झाला. जगातल्या अभ्यासकांनी नंतर लिहिलं की एवढ्या मोठ्या दुष्काळात भूकबळींची लाट आली नाही, ती या कामांमुळे. हे खरंच मोठं यश आहे आणि ते कमी लेखायचं नाही.

आजी त्या ५० लाखांतली एक. तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांची असेल. माझे वडील अडीच वर्षांचे, त्यांना खडीच्या ढिगाशेजारी धोतराच्या सावलीत झोपवायची. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनवर मिलो.

मिलो का नको वाटला? चव नव्हती, भाकरी लालसर आणि कडक व्हायची, अमेरिकेत जनावरं खातात हे सगळ्यांना कळलं होतं, वगैरे वगैरे. मला वाटलं कारण एवढंच. पण त्या संक्रांतीच्या रात्री आजी चुलीपुढं बसून म्हणाली, "चवीचं काय घिऊन बसलास? भुकेला कोंडा बी ग्वाड लागतुया. मिलो आला तवा आपलं बी खाऊन झालं हुतं."

बी, म्हणजे बियाणं. आमच्याकडे दर वर्षी खळ्यावर चांगली कणसं निवडून बियाण्याची ज्वारी वेगळी ठेवायचे. राखेत कालवून, कडुनिंबाचा पाला घालून. पेवातली ज्वारी संपली तरी त्याला हात लावायचा नाही, हा घरचा नियम. बाहत्तरच्या हिवाळ्यात पणजीनं तो नियम मोडला. ज्या दिवशी ते बियाणं जात्यात पडलं, त्या दिवशी पणजी जेवली नाही. त्यानंतर आला मिलो. पुढच्या हंगामात दुसऱ्या गावच्या पाहुण्यांकडून दिढीनं बी आणलं. एक पोतं घेतलं की सुगीला दीड पोतं परत. आज शेतात आहे ती ज्वारी त्या उसन्या पोत्याची वंशज.

म्हणजे आजीला मिलोचा राग नव्हता. मिलो दिसला की तिला तो रिकामा डेरा दिसतो.

ज्वारी गेली कुठं?

आता आकडे. १९६०-६१ साली महाराष्ट्रात ज्वारीखाली सुमारे ६२ लाख हेक्टर जमीन होती. आज ती २० लाखांच्याही खाली आली आहे. आपण सहज म्हणतो, लोकांची चव बदलली. पण चव आपोआप बदलत नाही.

१९६५ साली अन्न महामंडळ आलं. खरेदी आणि साठवणुकीची ताकद गहू आणि तांदळाच्या मागे उभी राहिली. रेशनवर स्वस्त काय मिळतं? गहू, तांदूळ. मग रोज भाकरी थापायची का पोळी लाटायची, हा निर्णय स्वयंपाकघरात कमी आणि रेशन दुकानात जास्त झाला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्य १ रुपया किलो, गहू २ रुपये, तांदूळ ३ रुपये असे दर लिहिले होते. कागदावर ज्वारीसारखी धान्यं सगळ्यात स्वस्त, पण आमच्या गावच्या दुकानात मुख्यतः आली ती गहू-तांदळाचीच पोती.

खरिपात ज्वारीची जागा सोयाबीन आणि कापसानं घेतली. आमच्याकडे १९८० साली भीमेवरचं उजनी धरण पूर्ण झालं. जिथं कॅनॉल गेला तिथं ऊस गेला. आणि गंमत बघा, हे धान्य सरकारी भाषेत आधी 'भरड', मग २०१८ ला 'पौष्टिक', आणि २०२३ च्या आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षात 'श्री अन्न' झालं. दाणा तोच, पाटी बदलत गेली.

तात्यांचा हिशोब

आता घरातली भानगड. आमची पाच एकर कोरडवाहू. यंदा शेजाऱ्याच्या विहिरीवरून पाइपलाइनची सोय होतेय, म्हणून तात्यांनी ज्वारी पूर्ण बंद करून डाळिंब लावायचं ठरवलं. मी ऐकलं आणि फोनवर भाषण ठोकलं. वारसा, पाणी, हवामानबदल, ग्लुटेन, सगळं.

तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एकरी चार क्विंटल धर. मालदांडीचा हमीभाव २०२४-२५ ला ३४२१ रुपये. किती झाले?"

तेरा हजार सहाशे चौऱ्याऐंशी. बाजारात कधी जास्त मिळतो, कडब्याचे वेगळे येतात, कधीकधी कडबाच दाण्याला भारी पडतो. पण त्यातून पेरणी, कोळपणी, राखण, मळणी वजा करा. "आणि काढायला माणूस मिळत न्हाई. तू येतोस का उपटायला?"

मी गेलो. फेब्रुवारीत दोन दिवस सुट्टी टाकून. आमच्याकडे रब्बी ज्वारी कापत नाहीत, मुळासकट उपटतात. कमरेतून वाकायचं, दोन-तीन ताटं मुठीत धरायची आणि हिसडा द्यायचा. पहिल्या तासाभरात तळहाताला फोड आले. दुपारी पानांची कूस मानेला खाजायला लागली. माझ्या शेजारच्या पाथीला साठीच्या एक मावशी होत्या, त्या माझ्या तिप्पट पुढं. त्यांच्या हाताला मिळणाऱ्या मजुरीवर मी महिन्याचं इंटरनेटसुद्धा भरत नाही. संध्याकाळी मला माझं भाषण आठवलं आणि लाज वाटली.

म्हणून एक प्रामाणिक गोष्ट सांगतो. ज्वारी वाचवा, असं शहरातून म्हणायचं असेल तर तिची किंमतही शहरानं द्यायला हवी. पाकिटाला आपण देतो ते पैसे रानापर्यंत पोचत नाहीत. मी माझ्या मित्राचं आणि त्याच्या बिल्डिंगमधल्या चार घरांचं जोडून दिलंय. थेट तात्यांकडून पोती, हमीभावाच्या वर, वाहतूक आमची. फार मोठं काही नाही. पाच घरांनी इतिहास फिरत नाही, हे मलाही कळतं.

पण घरात त्यावरून पुन्हा बैठक झाली आणि शेवटी आजीच बोलली. "चार एकरात काय लावायचं ते लावा. ओढ्याकडचं एक एकर माझं. तिथं शाळू. बी घरात पायजे." तात्या काही बोलले नाहीत. आमच्याकडे याचा अर्थ होकार.

जाता जाता, ज्यांच्या घरी सिलिएकचं कुणी आहे त्यांच्यासाठी. ज्वारीत ग्लुटेन नाही, पण नेहमीच्या गिरणीत आधी गहू दळलेला असतो आणि तो पिठात येतो. घरगुती चक्की किंवा फक्त ज्वारी दळणारी जागा शोधा. ग्लुटेन नाही म्हणूनच पीठ ताणलं जात नाही, त्यामुळे उकळतं पाणी घालून मळायचं. पीठ ताजं हवं, जुनं झालं की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना चिरते. माझ्या मित्राची पहिली भाकरी भारताच्या नकाशासारखी झाली, खाली श्रीलंका वेगळी पडलेली. मुलीनं दोन्ही खाल्ल्या.

आणि तुमच्या घरी बाहत्तर पाहिलेलं कुणी असेल, तर या आठवड्यात त्यांच्याशेजारी बसा आणि फक्त "मिलो" एवढा शब्द म्हणून बघा. काय ऐकायला मिळालं ते व्हॉइस नोटवर मला पाठवा. पुढच्या भागात त्यातले काही ऐकवतो.

भेटूया. तोपर्यंत, नमस्कार!